वचन आणि संवय

एखादी आगगाडी वेळापत्रकाप्रमाणें आठ वाजतां सुटावयाची असते; पण वर्षानुवर्षें ती आठ वाजून दहा मिनिटांनीं सुटते. नेहमींचा उतारू पुढें पुढें वेळापत्रक पाहतच नाहीं. तो घरून त्या हिशेबानेंच निघतो. एके दिवशीं गाडी बरोबर आठाच्या ठोक्याला सुटते आणि उतारू फलाटावर राहतो. रेल्वे म्हणते, आम्हीं तर वचन पाळलें. उतारू म्हणतो, तुमचें वचन घेऊन काय करूं? मी तुमच्या संवयीवर विसंबलों होतों! श्रोतेहो, हा तंटा संगणकाच्या जगांत रोज चालतो, आणि त्यासंबंधींच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

संगणकाच्या कामांत लायब्ररी म्हणजे ग्रंथसंग्रह नव्हे. यादी क्रमानें लावणें, मजकूर एकीकडून दुसरीकडे नेणें, लांब वाक्याचा तुकडा काढणें, अशीं कामें जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमांत लागतात. तीं एकदां कोणी नीट लिहून ठेवतो आणि बाकीचे तीं तयार घेतात. अशा तयार कोडाचा सांठा ती लायब्ररी. तिचें मूळ लिखाण सर्वांस वाचावयास, बदलावयास आणि वांटावयास मोकळें असलें म्हणजे तिला ओपन सोर्स म्हणतात. येथें देणारा आणि घेणारा बहुधा एकमेकांस ओळखतहि नाहींत. परवान्यांत तर साधारणतः स्वच्छच लिहिलेलें असतें कीं, कसलीहि हमी नाहीं. मग उभयतांमधला विश्वासाचा धागा कोणता? लायब्ररीबरोबर येणारें टिपण, ज्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात, तेंच. त्यांत काम काय होतें हें तर हवेंच. पण तें किती वेळांत व किती जागेंत होतें, आणि कोणत्या गोष्टीवर विसंबूं नये, हेंहि हवें.

२०१० सालची एक हकीकत या दृष्टीनें फार बोलकी आहे. लिनक्सवरील असंख्य प्रोग्रॅमांच्या पायाशीं 'जीलिबसी' ही सी भाषेची लायब्ररी असते. तिच्यांत मेमकॉपी नांवाचें एक साधें काम आहे: संगणकाच्या स्मृतींतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागीं उतरविणें. त्याच्या टिपणांत पूर्वीपासून म्हटलेलें होतें कीं, दोन्ही जागा एकमेकींवर चढत असतील तर हें काम वापरूं नये. त्यासाठीं मेममूव्ह हें वेगळें काम आहे. पण प्रत्यक्षांत मेमकॉपी बहुधा आरंभापासून पुढें पुढें उतरवीत जाई, आणि जागा थोड्या चढल्या तरी कित्येकदां निभावून जाई. पुढें कांहीं प्रोसेसरांवर शेवटाकडून मागें येत उतरविल्यास काम अधिक जलद होतें असें दिसून आलें, आणि लायब्ररीकारांनीं तसा बदल केला. वचन तिळमात्र मोडलें नव्हतें. परंतु फेडोरा १४ वर फ्लॅश प्लेअरमधून येणारा आवाज एकाएकीं फाटका ऐकूं येऊं लागला. कारण त्या प्रोग्रॅमानें चढत्या जागांसाठीं मेमकॉपीच वापरलेली होती! मोठा वाद माजला. एका पक्षाचें म्हणणें, टिपण वाचा. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचें म्हणणें असें कीं, ज्याच्या घरचा आवाज बिघडला त्याला नियम दाखवून काय उपयोग? अखेर २०११ सालच्या २.१४ या आवृत्तींत तोड निघाली: जुन्या बांधणीच्या प्रोग्रॅमांना मेममूव्हसारखें सुरक्षित वर्तन, आणि नव्यानें बांधलेल्यांना नवें. नियमानें लायब्ररीकार बरोबर होते हें मान्य करूनहि मला टोरवाल्ड्स यांची बाजू अधिक माणुसकीची वाटते.

यावर एक नेहमींचा आक्षेप असा कीं, कोड उघडाच आहे, मग टिपण कशाला? ज्याला पाहावयाचें त्यानें उघडून पाहावें. हा युक्तिवाद भारदस्त खरा, पण त्यांत एक गोम आहे. कोड आज काय घडतें तें सांगतो. उद्यां काय टिकेल तें सांगत नाहीं. जावा भाषेच्या लायब्ररींत सबस्ट्रिंग म्हणून एक काम आहे. त्यानें मोठ्या मजकुराचा तुकडा काढतां येतो. पूर्वी हा तुकडा वेगळा उतरविला जात नसे; मूळ मजकुराकडेच बोट दाखवून काम भागे. म्हणून तुकडा लहान असो कीं मोठा, वेळ सारखाच आणि नांवापुरता लागे. दोष एवढाच कीं, चार अक्षरांसाठीं सारा मूळ मजकूर स्मृतींत अडकून राही. २०१२ सालीं जावा ७ च्या सहाव्या सुधारणेंत ही पद्धत बदलली व तुकडा खरोखरच उतरविला जाऊं लागला. अडकलेली जागा मोकळी झाली. पण जे प्रोग्रॅम लांबलचक मजकुराचे पुनःपुन्हां तुकडे पाडीत होते ते मंदावले. त्यांच्या लेखकांपैकीं कित्येकांनीं कोड वाचलेलाच होता. पण वेग हें वचन आहे कीं केवळ संवय, हें टिपणांत कोठेंच नव्हतें.

खर्च हा वचनाचाच भाग आहे, असा आग्रह धरणाऱ्यांत अलेक्झांडर स्टेपानोव्ह हे अग्रणी. त्यांनीं व मेंग ली यांनीं तयार केलेली सी प्लस प्लसची लायब्ररी ह्यूलेट-पॅकार्डनें १९९४ सालीं सर्वांस खुली केली. तिच्यांत प्रत्येक कामापुढें त्याचा खर्च लिहिलेला असे. याचें महत्त्व आंकड्यांनीं समजेल. दहा लाख नांवें क्रमानें लावावयाचीं आहेत असें समजा. चांगल्या रीतीनें सुमारें दोन कोटि तुलना पुरतात. वाईट रीतीनें लक्ष कोटि लागूं शकतात. या भाषेच्या १९९८ सालच्या प्रमाणग्रंथानें चांगल्या रीतीची हमी सरासरीपुरतीच दिली होती. २०११ सालच्या प्रमाणग्रंथानें ती वाईटांत वाईट प्रसंगासाठींहि दिली. "सरासरी" हा एक शब्द टिपणांतून गेला, आणि वापरणाराच्या डोक्यावरचें ओझें उतरलें.

रेडिस हा माहितीचा सांठा काटेकोर अर्थानें लायब्ररी नव्हे, तरी त्याचें टिपण अनुकरणीय आहे. तेथें बहुतेक प्रत्येक आज्ञेखालीं तिचा खर्च दिलेला असतो. 'कीज' या आज्ञेखालीं तर साध्या लॅपटॉपवर दहा लाख किल्ल्या चाळण्यास चाळीस मिलिसेकंद लागतात असा आंकडाहि आहे, आणि चालत्या कामांत ही आज्ञा फार जपून वापरावी असा इशाराहि आहे.

आणि संवयीचें काय करावें? पायथन भाषेंत २०१६ सालीं शब्दकोशाची, म्हणजे डिक्टची, रचना बदलली आणि त्यांतील नोंदी ज्या क्रमानें घातल्या त्याच क्रमानें बाहेर येऊं लागल्या. कर्त्यांनीं लिहून ठेवलें कीं, ही आजच्या रचनेंतील बाब आहे. हिच्यावर विसंबूं नका. लोक विसंबलेच! २०१८ सालच्या ३.७ आवृत्तींत त्या संवयीचें रीतसर वचन झालें. गो भाषेच्या कर्त्यांनीं उलट मार्ग पत्करला. त्यांच्या मॅपमधील नोंदींचा क्रम ठराविक नाहीं असें सांगूनहि लोक ऐकेनात, तेव्हां २०१२ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून त्यांनीं तो क्रम मुद्दामच लहरी केला. उपाय थोडा खोडकर, पण टिपणाचा शब्द खरा करणारा.

या सर्वांत माझें आवडतें टिपण मात्र पायथनच्या मूळ कोडाशेजारींच पडून असलेली एक साधी फाइल आहे. २००२ सालीं टिम पीटर्स यांनीं यादी क्रमानें लावण्याची नवी रीत लिहिली आणि सोबत ही फाइल ठेवली. रीत कशी चालते, कोणत्या प्रकारच्या यादीवर किती तुलना लागतात, जुन्या रीतीहून कोठें फार सरस आहे आणि अगदीं विस्कळित यादीवर कशी जवळजवळ बरोबरीचीच ठरते, हें सारें तींत तक्त्यासह मांडलेलें आहे. २०२२ सालीं त्या रीतीचा एक भाग बदलला, तेव्हां नव्या भागाची हकीकतहि त्याच फाइलींत लिहिली गेली.