पक्ष्याच्या पोटातला परिसर

शहरी पक्ष्यांच्या पोटात जंत सापडले की त्या जंतांची गणना आपण घाणीत करतो. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचा आदेश निघाल्यापासून तर पारवा म्हणजे रोगराई हे समीकरण पक्के झाले आहे. पारव्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाला सूज येते, हे वैद्यकाने दाखवले आहे आणि त्याची काळजी घ्यायलाच हवी. पण पारव्याच्या आतड्यातला गोलकृमी, अॅस्केरिडिया कोलंबी, माणसाच्या पोटात घर करत नाही. त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. पक्ष्यातले कृमी ही त्या परिसराची नोंदवही आहे.

कृमी पक्ष्यात शिरतो कसा, यावर सारे अवलंबून आहे. या गोलकृमीला मधला पोषक प्राणी लागत नाही. अंडी विष्ठेतून पडतात, जमिनीवर पक्व होतात आणि दाण्यांबरोबर पुन्हा पोटात जातात. रोज एकाच जागी धान्य टाकून पारव्यांची दाटी केली की त्याचे फावते. रेलिएटिना या पट्टकृमीला मात्र मुंगी किंवा भुंगेरा हवा. पानासारख्या चपट्या कृमींना गोगलगाय लागते. पुढे काहींना मासा किंवा बेडूकही. म्हणजे वंचक बगळ्याच्या पोटात असा कृमी असेल, तर त्याने जिथे भक्ष्य टिपले तिथल्या पाण्यात ही साखळी अजून शाबूत आहे. कॅलिफोर्नियाच्या खाड्यांत परजीवींचे एकूण वजन तिथल्या पक्ष्यांपेक्षाही जास्त भरल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. इतका मोठा जीवभार आपल्याकडे कुणी मोजतसुद्धा नाही.

बदलापूरजवळच्या खरवईत हे बोलण्याला कारण आहे. जवळच उल्हास नदी वाहते. बदलापूरच्या बंधाऱ्यावरून तिचे पाणी पिण्यासाठी उचलले जाते. पलीकडे वालधुनी नदी. तिच्या काठी १०६० सालचे अंबरनाथचे शिवमंदिर आहे, आणि २०१४ मध्ये तिच्यात रसायन ओतले गेल्याने उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. रासायनिक तपासणी त्या दिवसाच्या पाण्याचे सांगते. कृमी कित्येक आठवड्यांचे सांगतो. काटेरी डोक्याचे कृमी तर पोषक माशाच्या स्नायूंच्या हजारपटीहून अधिक शिसे साठवतात, हे युरोपातील नद्यांत सिद्ध झाले आहे. कारखान्यांच्या पट्ट्यात याहून मोलाचा साक्षीदार कोणता?

आक्षेप येईल की जंतांनी पक्षी खंगतात, मग त्यांचे कौतुक कशाला? खंगतात, विशेषतः पिल्ले आणि उपाशी पक्षी. पण तेवढ्यावरून सरसकट औषध मिसळलेले दाणे टाकणे चूक आहे. दाटी कमी करणे हाच उपाय. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कृमी पाहायचे तर पक्षी मारावे लागतील. तशी गरज नाही. ताजी विष्ठा मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवली की गोलकृमींची अंडी वर तरंगतात. चपट्या कृमींची जड अंडी गाळातून शोधावी लागतात. अंड्यावरून जाती ठरत नाही, गट मात्र बहुधा कळतो, आणि कृमीची वाट ओळखायला तेवढे पुरे. धातूंच्या तपासणीसाठी संक्रांतीच्या मांजाने मेलेले पक्षी, वनखात्याच्या परवानगीने, वापरता येतील. रोगाने मेल्याचा संशय असेल त्या पक्ष्याला मात्र हात लावू नये.

म्हणून माझी सूचना अशी: उल्हासकाठच्या बगळ्यांच्या वसाहतींखालची आणि वालधुनीकाठच्या झाडांखालची विष्ठा वर्षभर दर महिन्याला एकाच पद्धतीने तपासावी, आणि काही न सापडलेले नमुनेही तितक्याच काळजीने नोंदवावेत.