आज्ञावलीचे सुटे भाग

१९५७ सालीं आय. बी. एम. ७०४ या गणकयंत्रासाठीं फोर्ट्रान भाषा आली. तींत लिहिलेली आज्ञावली एकसंध असे. एक ओळ बदलली कीं सबंध आज्ञावलीचें यंत्रभाषेंत पुन्हां रूपांतर करावें लागे, आणि यंत्राचा वेळ तर भारी महाग! १९५८ च्या दुसऱ्या फोर्ट्राननें निरनिराळे भाग स्वतंत्रपणें रूपांतरित करून मागाहून जोडण्याची सोय केली.

पण जुनें एकसंध लिखाण तोडावें कोठें? कामाच्या पायऱ्यांवर, हें कोणासहि सुचेल. डेव्हिड पार्नास यांनीं १९७२ सालीं निराळें सुचविलें: जो निर्णय पुढें बदलण्याचा संभव, तो एकाच भागांत झांकावा. मला हेंच पटतें. पायऱ्यांवर तोडलेल्या आज्ञावलींत माहिती सांठविण्याची रीत बदलली, तर जवळजवळ प्रत्येक भागाला पुन्हां हात लावावा लागतो.