हयातीचा दाखला

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग’. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून. पण त्या विषयावर तुमच्या मोबाईलवर रोज चार व्हिडिओ येतात, त्यात माझा पाचवा कशाला? आज सकाळी नाश्त्याच्या वेळी मी आपल्यातल्या आठ-दहा जणांशी बोलले. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, मुलं काय करतात. त्यावर दोन वाक्यं होतात. दुसरा प्रश्न, घरी आई-वडील कसे आहेत. त्यावर पोहे गार झाले तरी बोलणं संपत नव्हतं. म्हणून मी विषय बदलायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. मी हयातीच्या दाखल्याबद्दल बोलणार आहे.

आमच्या अण्णांना तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. रेल्वेत गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून. अण्णांना ते सांगितलं तर म्हणाले, “पगार वाढवला का?” तीन गेजचं मिरज स्टेशन ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल, पांढऱ्या कपड्यातला गार्ड, हातात हिरवा आणि लाल झेंडा, रात्री कंदील. १९९७ साली ते निवृत्त झाले. आज त्यांचं वय ८६ आहे. आई २०१९ मध्ये गेली. त्याच सुमारास अण्णांना पार्किन्सन्सचं निदान झालं. कोरोनात कंपनीनं घरून काम सुरू केलं तेव्हा मी पुण्याहून मिरजेला आले आणि इथेच राहिले. दिवसा मामा येतात, अण्णांना उठवणं, आंघोळ, चालवणं त्यांच्याकडे. संध्याकाळपासून मी.

आता नोव्हेंबर. पेन्शनरांच्या घरात दिवाळीनंतरचा हा दुसरा सण. माणूस जिवंत आहे हे वर्षातून एकदा सिद्ध करायचं, नाहीतर डिसेंबरपासून पेन्शन बंद. हे का करावं लागतं ते मला पूर्ण मान्य आहे. माणूस गेल्यावरही वर्षानुवर्षं पेन्शन उचललं जाण्याचे प्रकार होतात, आणि तो पैसा तुमचा-माझाच असतो. तपासणी नको असं मी म्हणणार नाही. ती कशी होते आणि कोणाच्या अंगावर पडते, एवढाच माझा प्रश्न आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरात मी आणि मामा अण्णांना रिक्षानं बँकेत घेऊन गेलो. चार पायऱ्या, कठडा नाही. खुर्चीसकट उचलून वर नेलं. पेन्शनच्या टेबलापुढे तीसेक माणसं, निम्म्यांच्या हातात काठी. दीड तासानं नंबर आला. अंगठ्याच्या मशीनवर अण्णांचं बोट काही उमटेना. आयुष्यभर ब्रेकचं चाक फिरवलेल्या हाताच्या रेषा वयानं आणखी पुसट झालेल्या, त्यात हात थरथरणारा. दहाही बोटं करून झाली. टेबलावरचा मुलगा वाईट नव्हता, पण त्याच्यामागे रांग होती. तो अण्णांकडे न बघता मला म्हणाला, “मॅडम, आजोबांना उद्या परत आणा, कधीकधी सकाळी लागतं.”

मी घरी आले आणि मोबाईलवरून चेहरा दाखवून दाखला काढायचं ठरवलं. डिजिटल हयातीचा दाखला, म्हणजे ‘जीवन प्रमाण’, २०१४ पासून आहे. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय २०२१ मध्ये आली. चांगली सोय आहे, मी स्वतः याच क्षेत्रातली आहे म्हणून थोडं अधिकारानं सांगते. फॉर्म भरताना एक प्रश्न येतो, पुनर्विवाह केला आहे का? दुसरा, पुन्हा नोकरी लागली आहे का? मी दोन्ही मोठ्यानं वाचले. अण्णा हळूहळू म्हणाले, “दोन्हीसाठी अर्ज करून बघ.”

मग कॅमेरा सुरू झाला. समोर फोटो धरून कोणी फसवू नये म्हणून ते ॲप माणसाला डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं. पापणी लवली की माणूस जिवंत. आता पार्किन्सन्समध्ये काय होतं, तर चेहऱ्याचे स्नायू ताठर होतात, चेहरा मुखवट्यासारखा स्थिर दिसतो आणि पापण्या लवण्याचं प्रमाण कमी होतं. हा त्या आजाराचा ठरलेला भाग आहे. म्हणजे ज्या खुणेवरून यंत्र माणूस जिवंत आहे असं ठरवतं, नेमकी तीच खूण या आजारानं काढून घेतलेली असते. अण्णा सगळं ऐकत होते, त्यांना सगळं समजत होतं, डोळे मिटायचा प्रयत्न चालला होता आणि ॲप सांगत होतं, पुन्हा प्रयत्न करा.

आमच्या व्यवसायात ओळख पटवणाऱ्या यंत्राच्या चुका दोन प्रकारच्या मानतात. खोट्याला आत घेणं आणि खऱ्याला बाहेर ठेवणं. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते, मध्ये कुठेतरी रेष ओढावी लागते. पहिल्या चुकीत सरकारचे पैसे जातात, म्हणून ती लगेच मोजली जाते. दुसरी चूक झाली तर एक म्हातारा माणूस घरी परत जातो. ती कुठल्या वहीत मांडली जाते ते मला अजून दिसलेलं नाही.

यावर मला जे सापडलं ते इथल्या दोन-तीन घरांत तरी उपयोगी पडेल. पार्किन्सन्सच्या गोळीनंतर साधारण तासाभरानं शरीर मोकळं होतं, ती वेळ प्रत्येकाची वेगळी असते आणि घरच्यांना ती माहीत असते. त्या वेळात बसायचं. खिडकीसमोर, उजेड चेहऱ्यावर, पाठीमागे नाही. चष्मा काढायचा. आणि माणसाला “डोळे मिचकावा” असं एकदाच सांगून गप्प बसायचं नाही, तालावर सांगायचं, मिटा, उघडा, मिटा, उघडा. बाहेरून ताल मिळाला की त्यांना हालचाल सोपी जाते, फिजिओथेरपिस्टही चालवताना हेच करतात. सातव्या खेपेला दाखला निघाला. मोबाईलवर प्रमाण-आयडी आला. मामांनी टाळ्या वाजवल्या.

तरी डिसेंबरच्या अखेरीला अण्णांच्या खात्यात पेन्शन आलं नाही.

कारण कळायला तीन आठवडे लागले. बँकेचं दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं होतं आणि त्यांच्या नोंदीत अण्णांच्या पीपीओ क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे गळाले होते. दाखला बरोबर, क्रमांक बरोबर, पण तिकडच्या नोंदीशी जुळेना म्हणून तो नाकारला गेला. दाखला तयार होणं आणि तो पेन्शन देणाऱ्यानं स्वीकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून दाखला काढल्यावर आठ-दहा दिवसांनी ‘जीवन प्रमाण’च्या संकेतस्थळावर जाऊन तो स्वीकारला गेला का हे बघायचंच. आमच्या बाबतीत मी बघितलं, नाकारल्याचं दिसलं, बँकेत अर्ज दिला, पोच घेतली, आणि तरीही महिना उलटला.

पैशांची अडचण नव्हती. माझा पगार आहे, मामांचे पैसे मी दिले असते, दिलेही. पण आमच्या घरी एक तारखेला अण्णा मामांचा पगार स्वतःच्या हातानं देतात. मी रक्कम काढून आणते, ते मोजतात, दहा मिनिटं लागतात, मामा उभे राहून वाट बघतात. जानेवारीच्या एक तारखेला अण्णांनी पासबुक मागितलं. बघितलं. मग म्हणाले, “म्हणजे त्यांच्या लेखी मी गेलो.” मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना, उद्यापासून नको येऊ, असं सांगितलं. पोरीवर भार नको म्हणून. ज्या माणसाला पलंगावरून एकट्यानं उठता येत नाही, तो मदतीच्या माणसाला रजा देत होता. मामा अनुभवी, त्यांनी ऐकल्यासारखं केलं आणि सकाळी आठला हजर झाले. पण अण्णांनी पुढचे पंधरा दिवस फळं खाल्ली नाहीत, महाग असतात म्हणून.

फेब्रुवारीत थकबाकीसकट सगळी रक्कम जमा झाली. बँकेनं कळवलं काहीच नाही, पासबुक भरल्यावर समजलं. अण्णा म्हणाले, “आमच्यात असं नव्हतं. गार्डानं ड्रायव्हरला हात दाखवला की ड्रायव्हरनं उलट हात दाखवलाच पाहिजे. तो दाखवेपर्यंत आपण उभं राहायचं.”

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याकडे आणखी एक तपासणी आली, ती मात्र वेगळी. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा एक कायदा आहे, आई-वडिलांचा चरितार्थ आणि कल्याण यासाठीचा. आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्यानं ठेवायची आणि त्यांची विचारपूस करायची, अशी त्यामागची व्यवस्था. एका दुपारी दोन हवालदार दारात, त्यातल्या एक बाई. मी मीटिंगमध्ये होते. घरी कोण असतं, आजोबांना कोण बघतं, हे विचारून झाल्यावर त्या बाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही जरा बाहेर थांबता का? आम्हाला आजोबांशी बोलायचंय.”

खरं सांगते, मला झोंबलं. रात्री चार वेळा उठणारी मी, आणि माझ्यावर संशय? स्वयंपाकघरात उभी राहून मी आतलं बोलणं ऐकत होते. बाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. “आजोबा, जेवलात का? काय होतं जेवायला?” अण्णांचं एक वाक्य पुरं व्हायला अलीकडे मिनिट-मिनिट लागतो. माझ्यासकट सगळे मध्येच त्यांचं वाक्य पुरं करतात. त्या बाई थांबल्या. “कोणी ओरडतं का? पैसे कोण काढतं? कुणी कागदावर सह्या मागितल्या का?” प्रत्येक उत्तराला थांबल्या. वीस मिनिटं झाली असतील. तेवढ्यात माझा राग उतरला, कारण हे प्रश्न माझ्यासमोर विचारून काहीच उपयोग नव्हता, हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल. ज्या घरात खरंच त्रास असेल तिथे हाच एक दार लावून घेतलेला अर्धा तास त्या म्हाताऱ्याच्या वाट्याला येणार.

अण्णांनी माझ्याविरुद्ध एक तक्रार केली. पोरगी सारखी कॉम्प्युटरवर असते, चारचा चहा पाचला मिळतो. बाईंनी ती डायरीत लिहून घेतली आणि जाताना मला गंभीरपणे वाचून दाखवली. तेव्हापासून चहा चारला होतो. अण्णा अजून त्या भेटीबद्दल बोलतात. बँकेनं ते जिवंत आहेत का हे तपासलं होतं, पण ते कसे आहेत हे त्या बाईंनीच पहिल्यांदा विचारलं.

आता थोडं कामाचं, विशेषतः पहिल्या रांगेसाठी. केंद्र सरकारच्या पेन्शनरांचं वय ८० च्या पुढे असेल तर दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत जायचं कारण नाही. ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के आणि ८५ ला ३० टक्के वाढ असते, ती लागली का हेही पासबुकात बघून घ्या. बँकेत जाणं शक्यच नसेल तर ७० च्या वरच्या ग्राहकांसाठी बँकेनं घरी येऊन दाखला घ्यावा, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलंय. तोंडी विचारलं तर नाही म्हणतात, लेखी अर्ज द्या. पोस्टमनही घरी येऊन ७० रुपयांत डिजिटल दाखला काढून देतो. बोट, डोळा, चेहरा काहीच जुळलं नाही तर कागदी नमुना अजून रद्द झालेला नाही, राजपत्रित अधिकाऱ्याची सही असली की माणसाला समोर नेण्याची गरज नाही. सर, बाई, आपलं पेन्शन कोषागारातून येतं, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये बँकेतल्या यादीवर सही करणं हाच आपल्यासाठी सरळ रस्ता. आणि हयातीच्या दाखल्यासाठी कुणी फोनवर ओटीपी मागितला तर तो चोर आहे, फोन ठेवून द्या, त्याला सभ्यपणे उत्तर देत बसू नका. हे मी खास आमच्या मराठीच्या बाईंना उद्देशून म्हणतेय, त्या कुणालाच मध्ये तोडत नाहीत.

आमच्या बॅचमधल्या मिरज-सांगलीत राहणाऱ्या सहा जणांनी ठरवलंय की ऑक्टोबरचे पहिले दोन रविवार याच हॉलमध्ये सकाळी नऊपासून आम्ही मोबाईल घेऊन बसू. एका फोनवरून अनेकांचे दाखले काढता येतात. येताना आधार कार्ड, पीपीओ आणि पासबुक आणा. ज्यांना येता येणार नाही त्यांच्याकडे आम्ही येऊ, आणि नोव्हेंबरात ज्या सरांना, बाईंना बँकेत जायचंय त्यांच्यासाठी दोन गाड्या असतील. नावनोंदणीची वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. त्यात पत्त्यापुढे एक जास्तीचा रकाना आखलाय, औषधाच्या वेळेचा. तो रिकामा ठेवू नका, आम्ही त्या वेळेनंतर येऊ.