पावसाचे बदललेले माप

यंदा पाऊस किती झाला, हा प्रश्न मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. तो किती वेळात झाला, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. वर्षाच्या पर्जन्याचा आकडा सरासरीजवळ पोचला की शेतकरी सुखी आणि नगरपालिका निर्धास्त, असा जुना हिशेब होता. तो हिशेब आता चुकू लागला आहे. तो का चुकतो हे जाणून घेतल्यावाचून यापुढे गटार, पूल वा धरण बांधणे धोक्याचे ठरेल.

हवा हे जणू बाष्पाचे भांडे आहे. हवेचे तापमान एका अंश सेल्सियसने वाढले, म्हणजे तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. क्लापेरॉन आणि क्लाऊझियस या शास्त्रज्ञांनी या नियमाचा पाया एकोणिसाव्या शतकातच घातला. कोळसा आणि खनिज तेल जाळून, तसेच अरण्ये तोडून मानवाने पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने वाढविले आहे. १८५० ते १९०० या काळाशी २०११ ते २०२० या दशकाची तुलना करता ही वाढ स्पष्ट दिसते. भांडे मोठे झाले. मोठे भांडे भरण्यास वेळ अधिक लागतो, पण ते उपडे झाले म्हणजे पाणीही अधिक सांडते. म्हणूनच एकाच ऋतूत लांबलेली उघडीप आणि प्रलयासारखी वृष्टी ही दोन्ही संकटे एकापाठोपाठ येऊ शकतात.

आपल्या देशातील नोंदीही हेच सांगतात. हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी व त्यांचे सहकारी यांनी १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या पर्जन्याचा अभ्यास करून २००६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पावसाळ्याची सरासरी फारशी बदलली नव्हती. परंतु दिवसाला १०० मिलिमीटरहून अधिक पावसाचे प्रसंग वाढले होते आणि मध्यम पावसाचे प्रसंग घटले होते. पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोट हे त्याचे एक प्रमुख कारण त्यांनी सांगितले.

शेतकरी ज्याला भीजपाऊस म्हणतो, तो हळूहळू जमिनीत मुरतो आणि विहिरींना पाझर देतो. तेच पाणी चार तासांत कोसळले, तर त्याला मुरण्यास अवसरच मिळत नाही. ते वरची कसदार माती घेऊन ओढ्याला मिळते, आणि पुढे फाल्गुनात विहीर कोरडी पडते. सरासरीच्या तक्त्यात मात्र दोन्ही पावसांची नोंद सारखीच होते.

शहरांची गोष्ट याहून निराळी नाही. हैदराबादेत २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात सुमारे १५,००० माणसे मृत्युमुखी पडली, असे सांगितले जाते. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशे लोकांनी प्राण वाचविले, ही आठवण तेथे आजही जपली जाते. पुढच्याच वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुराचे पाणी शहराच्या वरच अडवावे, असा सल्ला त्यांनी दिला. त्यातून मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाले. झालेल्या पुराचे माप घेऊन पुढच्या पुराची तयारी करावी, ही त्या काळची शहाणी रीत होती.

परंतु १३ ऑक्टोबर २०२० रोजी हैदराबादेत एका दिवसात सुमारे १९ सेंटिमीटर पाऊस झाला, तो खुद्द शहरावर. वरची धरणे शहरातच पडलेले पाणी कसे अडविणार? नाले तुंबले, तलाव भरून वाहिले. चारच दिवसांनी पुन्हा पाऊस आला आणि बाळापूरच्या गुर्रम चेरुवू या तलावाचा बांध फुटून खालच्या वस्त्या बुडाल्या. तलावांच्या पोटात आणि नाल्यांच्या काठांवर घरे उभी राहिली होती. पाणी आपली जुनी वाट शोधीत आले. मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली होती. तेथे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला.

तथापि प्रत्येक पुराचा दोष हवामानबदलाच्या माथी मारणे हे शास्त्रीय नव्हे. १९०८ चा पूर त्याच्या पुष्कळ आधीचा आहे. आणि अडविलेला नाला हे माणसाचेच कर्तृत्व आहे. बदलाचा वाटा किती, हे आता गणिताने काढता येते. ३० जुलै २०२४ रोजी केरळातील वायनाड येथे दरडी कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवशीची वृष्टी हवामानबदलामुळे सुमारे १० टक्क्यांनी अधिक तीव्र झाली, असा अंदाज वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या शास्त्रज्ञगटाने वर्तविला. दहा टक्के ऐकावयास थोडे वाटते. परंतु आधीच भिजून फुगलेल्या डोंगरउतारावर तेवढा वाढीव भारही धोक्याचा असतो.

तेव्हा करावयाचे काय? कोळसा आणि तेल यांचा वापर आवरणे हे मूळ औषध होय. त्याचा गुण येण्यास काळ लागेल. तोवर पाऊस दिवसाच्या नव्हे, तासाच्या हिशेबाने मोजला पाहिजे, आणि गटारे व पूल त्याच मापाने बांधले पाहिजेत. गावोगावचे तलाव आणि नाले मोकळे राखले पाहिजेत. विश्वेश्वरय्यांना निदान गेल्या पुराचे माप भरवशाचे होते. आजच्या अभियंत्याला येणाऱ्या पुराचे माप धरून चालावे लागेल, आणि ते मागच्यापेक्षा मोठे असेल असेच समजावे लागेल. त्यासाठी लागणारा खर्च आज जड वाटेल. पण तो टाळला, तर त्याची किंमत नाल्याकाठी राहणाऱ्या गरिबाला प्रथम चुकवावी लागते.