पोलीस ठाण्यातील कॅमेरा कोणाचा?



न्यायाधीश निःपक्षपाती असला की न्याय मिळतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. न्यायासनापुढे जे येते तेच तोलले जाते. आणि काय यावे, हे बहुधा पोलीस ठाण्यात ठरते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलिसांनी पकडलेला एक तरुण पळून गेल्याचे सांगण्यात आले. तो कोठडीतील मारहाणीत मरण पावला व त्याचे प्रेत आंबोलीला नेऊन जाळण्यात आले, असा आरोप पुढे पोलिसांवरच ठेवला गेला. 'पळून गेला' ही नोंद खोडून काढायला ठाण्याबाहेरच्या माणसापाशी काय साधन असते?

२ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण शक्यतो अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. आदेश चांगला आहे. पण त्या यंत्राची कळ ठाण्यातच राहते.

मग नागरिकाने स्वतः चित्रण केले तर? वर्ध्याच्या ठाण्यात चित्रण करणाऱ्यावर १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. पोलीस ठाणे हे त्या कायद्यातील 'निषिद्ध स्थान' नव्हे, असे सांगून नागपूर खंडपीठाने तो जुलै २०२२ मध्ये रद्द केला. घटना मात्र २०१८ ची! उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत किती शेतमजुरांपाशी आहे? निर्दोष ठरण्यापूर्वीच शिक्षा भोगून होते.

सरकारी कामात अडथळ्याचे कलम, पूर्वीचे ३५३ व आता न्याय संहितेतील १३२, हे त्याहून सोयीचे हत्यार. त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. नुसते छायाचित्र घेणे म्हणजे बळाचा वापर नव्हे. म्हणून कार्यकर्त्याने अंतर राखावे, पोलिसाला हात लावू नये.

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यात होता तेव्हा, १९४३ नंतर, प्रतिसरकारची न्यायदान मंडळे गावासमोर बसत. त्यांच्या शिक्षा कठोर होत्या, हे नाकारता येत नाही. पण निवाडा चारचौघांदेखत होई.

चित्रण झाले तरी काम संपत नाही. विद्युत स्वरूपातील पुराव्याला प्रमाणपत्र लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच जालन्याच्या निवडणूक खटल्यात बजावले आहे. मूळ फोन जपावा, चित्रणात काटछाट करू नये, आणि फोन जप्त झाल्यास पंचनाम्याची प्रत मागावी.