ऐकण्याची शिस्त



भाषाशिक्षणाबद्दल बोलताना मी सुरुवात एका छोट्या ख्रिस्ती पंथापासून करणार आहे. तुम्हाला नवल वाटेल, पण हा पंथ आपल्या प्रदेशाला परका नाही.

क्वेकर पंथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने उभा राहिला. हे लोक स्वतःला 'मित्र' म्हणवतात. त्यांच्या पारंपरिक उपासनेत पुरोहित नसतो, ठरलेली प्रार्थनाही नसते. सारे शांत बसतात. आतून सांगावेसे वाटले तर कोणीही, स्त्री असो वा पुरुष, उठून बोलते. त्यावर वाद होत नाही. पुन्हा शांतता पसरते. कारभाराच्या बैठकीतही मतदान नसते. सभेचा कल ओळखून ठराव तिथेच लिहून वाचला जातो. मने जुळली नाहीत तर विषय पुढे ढकलतात.

1866 मध्ये रेचेल मेटकाफ भारतात आल्या आणि पुढे होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम, क्वेकरांच्या कामाचे केंद्र झाले. तेव्हा होशंगाबाद आणि आपले बालाघाट एकाच मध्य प्रांतात होते. हे लोक आले धर्मप्रचारासाठी, ते लपवण्याचे कारण नाही. पण त्यांच्यातल्याच मार्जरी साइक्स यांनी बंगाली शिकून रवींद्रनाथांच्या लेखनाचे अनुवाद केले, वर्ध्याजवळ सेवाग्रामला नई तालीमचे शिक्षक घडवले. 1980 साली त्यांनी भारतातील क्वेकरांचा इतिहास लिहिला. त्याच्या नावातच 'विसरलेले शतक' असे शब्द आहेत.

होशंगाबादजवळ रसुलियाला क्वेकरांनी उभारलेले फ्रेंड्स रूरल सेंटर आहे. 1972 मध्ये ही संस्था आणि किशोर भारती यांनी 16 शाळांत विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. मुलांनी स्वतः प्रयोग करायचा, दिसेल ते आपल्या शब्दांत लिहायचे. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकांत तयार उत्तरे नसत. 1982 पासून एकलव्य संस्थेने हे काम वाढवले. 2002 मध्ये शासनाने ते बंद केले. हा कार्यक्रम धार्मिक नव्हता. तरीही दुसऱ्याच्या अनुभवाला बोलू देण्याची रीत मला दोन्हीकडे सारखी दिसते.

आता माझी कबुली. बालाघाटच्या वर्गात माझ्यासमोर घरी मराठी, पोवारी, गोंडी बोलणारी मुले बसतात. कित्येक वर्षे तासभर मीच बोलत होतो आणि मुले गप्प म्हणून त्यांच्याजवळ सांगण्यासारखे नाही, असे समजत होतो. एकदा घसा बसल्यामुळे मी फळ्यावर एवढेच लिहिले: 'घरातला असा शब्द लिहा, जो शाळेत कधी ऐकला नाही.' पहिली दहा मिनिटे कोणी पेन उचलले नाही. मग एकीने आजीच्या तोंडचे, धानाच्या रोवणीचे शब्द लिहिले आणि पाठोपाठ साऱ्या वर्गाने वह्या भरल्या. त्यातले अनेक शब्द मला, मराठीच्या प्राध्यापकाला, ठाऊक नव्हते.

आपण भाषा वाचवण्याचे ठराव बहुमताने करतो. ज्यांची भाषा वाचवायची, ती माणसे त्या सभेत बहुधा नसतात. असली तर मागच्या रांगेत असतात. म्हणून एकच विनंती करतो. पुढच्या कार्यशाळेत पहिला तास आपण व्याख्याते गप्प बसू या. विद्यार्थी लिहितील, वाचतील, आपण टिपून घेऊ. त्यातले निवडक लेखन याच अंकात छापावे.

मीही आता थांबतो.