संग्राहक आणि त्याचा सोबती
(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातून पाहुणे आले की आपण त्यांना रामनिवास बागेतील अल्बर्ट हॉल दाखवावयास नेतो. १८८७ साली खुल्या झालेल्या त्या संग्रहालयात काचेआड मांडलेल्या वस्तू पाहताना माझ्या मनात नेहमी एक प्रश्न उभा राहतो. वस्तू जपली गेली. पण ती घडविणाऱ्याचे आणि तिचा अर्थ सांगणाऱ्याचे नाव कोठे गेले? या प्रश्नाच्या अनुषंगाने मी आज दोन मित्रांची हकीकत सांगणार आहे.

पहिले व्हेरियर एल्विन. आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या बिशपांचे हे चिरंजीव ऑक्सफर्डमध्ये शिकले, धर्मोपदेशक झाले आणि १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. तेथून ते गांधीजींकडे ओढले गेले. गोंडांमध्ये जाऊन काम करावे, ही सूचना त्यांना केली जमनालाल बजाज यांनी. जयपूर संस्थानातील सीकरजवळच्या खेड्यात जन्मलेले आणि वर्ध्याचे झालेले जमनालालजी आपणा जयपूरवासी मराठी मंडळींना दोन्हीकडून आपलेच वाटावेत!

१९३२ साली एल्विन तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील करंजिया या खेड्यात जाऊन राहिले. त्यांच्यासोबत होते पुण्याच्या संघातील मराठी ख्रिस्ती तरुण शामराव हिवाळे. गावकऱ्यांच्या तोंडी एल्विन 'बडे भाई' आणि शामराव 'छोटे भाई' झाले. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा अशी कामे दोघांनी मिळून केली. धर्मांतराचे कार्य एल्विन यांना मान्य होईना. १९३५ साली त्यांनी धर्मोपदेशकाची वस्त्रे उतरवली. शिकवावयास आलेला माणूस आता टिपून घेऊ लागला.

त्या टिपणांतून आणि जमविलेल्या वस्तूंतून १९५१ साली मध्य भारतातील आदिवासींच्या कलेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाला. मुखवटे, कोरीव दारे, तंबाखूच्या डब्या, भिंतीवरील चित्रे यांचे त्यात वर्णन आहे. मुरिया तरुण आपल्या आवडत्या मुलीसाठी लाकडी फणी कोरून देतो. सावरा घरातील भिंतीवरचे चित्र मृतांच्या आणि देवतांच्या संतोषासाठी काढलेले असते. एवढे कळले नाही, तर फणी हे लाकूड आणि चित्र म्हणजे नुसती नक्षी!

हे कळण्यासाठी लोकांच्या ओसरीवर बसून त्यांचा विश्वास मिळवावा लागतो, आणि तेथे शामराव होते. लोकगीतांचे दोन संग्रह (१९३५ व १९४४) दोघांच्या नावे आहेत. गोंडांचे परंपरागत गायक जे परधान, त्यांच्यावर शामरावांनी १९४६ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९५४ साली एल्विन ईशान्य सीमेवर शासनाचे सल्लागार म्हणून गेले. शामराव पाटणगढ या परधानांच्या गावी राहिले. एल्विन यांना १९६१ साली पद्मभूषण मिळाले. त्यांचा संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. शामरावांचे नाव मात्र मराठी घरांतही क्वचितच ऐकू येते. एल्विन यांचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण सोबत्याचे नाव त्यांच्या शेजारी असावे, एवढे आपण म्हणू शकतो.

त्याच पाटणगढचा जनगढसिंह श्याम हा परधान तरुण १९८१ साली भोपाळच्या भारत भवनाच्या मंडळींना भेटला. त्याच्या देवदेवतांची चित्रे पुढे परदेशांत पोहोचली. २००१ साली जपानमध्ये त्याचा अंत झाला; पण त्याच्या चित्राखाली जमातीचे नव्हे, त्याचे स्वतःचे नाव आहे. ही मला मोठी गोष्ट वाटते.

आता थोडे घरचे. माझी आई धान्य निवडताना जात्यावरच्या ओव्या गुणगुणत असे. केंद्र सरकारच्या नोकरीत मी गावोगाव हिंडलो. दरवर्षी कोरी डायरी मिळे, तिच्यात भत्त्यांचे हिशेब लिहिले, ओवी एकही लिहिली नाही. एकदा ती म्हणाली होती, "अरे, एवढं लिहितोस, हेही लिही की." मी म्हणालो, "रविवारी बसू." तो रविवार आला नाही. आई गेल्यावर मला तीन ओव्या आठवल्या, त्यांतील एक अपुरी.

म्हणून आपल्या मंडळास माझी विनंती आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त एक साधी वही उघडावी. आपल्याबरोबर इकडे आलेली पितळी समई, पूरणयंत्र, गोधडी, ओवी, जे असेल ते लिहावे. कोणी केले, कोणी सांगितले, त्यांचे नाव व गाव अवश्य लिहावे. पहिल्या पानावर मी आईच्या नावाने त्या तीन ओव्या लिहून आणल्या आहेत. तिसरीचा शेवटचा चरण मला येत नाही. सभा संपल्यावर वडीलधाऱ्या भगिनींनी ती वही जरूर पाहावी. कोणाला तो चरण ठाऊक असेल तर माझ्यावर उपकार होतील.